सुवार्तिकाची शिदोरी

इ. स. १८९३ च्या सुमाराची गोष्ट आहे. नागपूरहून राजनांदगांवकडे जाणाऱ्या आगगाडींत एक तरुण मराठी कवि बसले होते. नवी नोकरी धरण्यासाठीं ते निघाले होते. संस्कृत काव्याचा त्यांचा व्यासंग चांगला होता, आणि परंपरेनें आलेल्या धर्माविषयीं त्यांच्या मनांत अनेक शंका घोळत होत्या. त्याच डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होते. त्या काळीं गोरा उतारू बसला असेल त्या डब्यांत एतद्देशीयानें शिरणें म्हणजे अपमान गिळण्याची तयारी ठेवणेंच असे. ह्या गृहस्थांनीं मात्र सरकून जागा दिली, आपुलकीनें विचारपूस केली, आणि बोलणें निघालें तें काव्याचें. काव्यावरून तें हळूहळू धर्माकडे वळलें. निरोप घेण्यापूर्वीं त्या गृहस्थांनीं नव्या कराराची एक प्रत कवीच्या हातीं ठेविली, ती वाचून पाहण्याची विनंति केली, आणि दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल असें भाकीत करून ते निघून गेले.

ते कवि म्हणजे नारायण वामन टिळक. पुस्तक वाचावयाचें वचन दिलें होतें म्हणून ते वाचूं लागले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं येऊन थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचें नांव त्यांना कधींच कळलें नाहीं.

भाकीत खरें ठरलें ह्या गोष्टीचें नवल पुष्कळांनीं केलें आहे. परंतु त्याहून अधिक नवल करण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. त्या गृहस्थांनीं वाद घातला नाहीं, हिंदु देवदेवतांची निंदा केली नाहीं, नरकाचें भय घातलें नाहीं. समोरच्या मनुष्याला कशाची गोडी आहे हें त्यांनीं आधीं जाणून घेतलें, त्याला बोलूं दिलें, आणि मग आपल्यापाशीं होतें तें त्याच्या हातीं ठेवून ते दूर झाले. धर्मोपदेशकाच्या अंगीं कोणते गुण असावेत ह्याविषयीं मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. पण आगगाडींतील ह्या एका भेटींत त्यांतील बहुतेक सार आलेलें आहे.

सुवार्ता ह्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ चांगली बातमी असा आहे. बातमी घेऊन आलेला मनुष्य दारांत उभा राहतो. घरांत घ्यावें कीं नाहीं हें घरधन्याच्या मर्जीवर असतें. ख्रिस्ती धर्माचा पहिला मोठा प्रचारक जो पौल, तो ह्याच रीतीनें अथेन्स नगरांत गेला होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायांत त्याची हकीकत आहे. नगरांतील मूर्ति पाहून त्याचें मन अस्वस्थ झालें होतें. तरी बोलावयास उभा राहिला तेव्हां त्यानें आरंभ केला तो अज्ञात देवाच्या नांवानें तेथें बांधलेल्या एका वेदीपासून, आणि आधार दिला तो ग्रीक कवीच्याच वचनाचा. ऐकणाऱ्यांपैकीं कांहीं हंसले, कांहींनीं पुन्हां कधीं तरी ऐकूं म्हणून सांगितलें, थोड्यांनीं विश्वास ठेविला. पौल तेथून निघून गेला. पुढें करिंथ येथें तंबू करण्याचा आपला धंदा करून तो पोट भरीत असे. श्रोत्यांच्या पैशावरही त्याचा डोळा नव्हता, आणि त्याच्या पाठीशीं कोणा राजाचें सैन्यही नव्हतें.

हिंदुस्थानांत आलेल्या मिशनऱ्यांची स्थिति बहुधा अशी नव्हती. त्यांच्यामागें सत्ता होती, किंवा सत्तेची सांवली तरी होती. म्हणून त्यांच्या गुणांची परीक्षा अधिक कठीण झाली. आणि त्या परीक्षेंत जे उतरले त्यांचें महत्त्वही अधिक आहे.

मराठी मुलखांतील सर्वांत जुनें उदाहरण गोव्यांतील आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडमधील विल्टशायर परगण्याचे. रोम येथें ते येशूसंघांत दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून त्यांचें जहाज निघालें तें २४ ऑक्टोबरला गोव्यास लागलें. त्यानंतर सुमारें चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत, ते ह्याच भागांत राहिले. त्यांचें बहुतेक काम साष्टी प्रांतांत झालें. परत जाण्याचा विचार मनांत बाळगून आलेला मनुष्य भाषा शिकतो ती कामापुरती. स्टीफन्स ह्यांनीं ती मरेपर्यंतच्या सोबतीसाठीं शिकून घेतली. येथल्या भाषांच्या घडणीचें ग्रीक आणि लॅटिन भाषांशीं साम्य आहे, असें १५८३ सालीं त्यांनीं आपल्या भावास पत्रानें कळविलें होतें. भाषाशास्त्रज्ञांनीं हेंच सांगावयास सुरुवात केली ती त्यानंतर दोनशें वर्षांनीं. कोंकणी भाषेचें व्याकरण त्यांनीं रचिलें. तें त्यांच्या मरणोत्तर, १६४० सालीं, रायतूर येथें छापलें गेलें.

पण त्यांचें खरें काम म्हणजे १६१६ सालीं रायतुरास छापलेलें मराठी ख्रिस्तपुराण. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ सृष्टीच्या उत्पत्तीपासून आरंभ करून ख्रिस्ताच्या चरित्रापर्यंत जातो. तो लिहिण्याचें कारण ग्रंथांतच सांगितलें आहे. साष्टींतील नव्या ख्रिस्ती लोकांपैकीं एका ब्राह्मणानें गाऱ्हाणें मांडलें कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं मन रमावें असें दुसरें कांहीं तरी आम्हांस द्या. ही मागणी किती मार्मिक आहे! धर्म बदलला म्हणून मनुष्याचे कान बदलत नाहींत. ज्याचे कान ओवीवर वाढले, त्याला लॅटिन प्रार्थनेचे चार शब्द पाठ करावयास लावून त्याची भूक भागत नाहीं. दुसऱ्या एखाद्या पाद्र्यानें ही तक्रार म्हणजे जुन्या संस्कारांचा अवशेष समजून झिडकारली असती. स्टीफन्स ह्यांनीं ती ऐकून घेतली आणि तिच्या पूर्तीसाठीं वर्षेंच्या वर्षें खर्च केलीं. वैकुंठ, मोक्ष हे ह्या भूमींतले शब्द त्यांनीं टाळले नाहींत. ख्रिस्ताची कथा त्यांनीं त्याच शब्दांतून सांगितली. मराठी भाषेची त्यांनीं गाइलेली थोरवी तर आज शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असते. परक्या देशांतून शिकवावयास आलेल्या माणसानें शिष्यांच्या भाषेपुढें असें नम्र व्हावें, हें त्या काळांत तरी विरळाच घडलें.

मात्र ह्या चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवतां येत नाहीं. स्टीफन्स ज्या साष्टींत राहिले, तेथलीं देवळें १५६७ सालीं पाडलीं गेलीं होतीं. गोव्यांत धर्मन्यायालय १५६० पासून चालूं होतें. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी येथें पांच येशूसंघीय पाद्री मारले गेले, आणि नंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांना असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून त्यांचा वध केला. ज्या पुराणांची उणीव त्या ब्राह्मणाला भासत होती, तीं आपण होऊन हरवलीं नव्हतीं. तीं काढून घेतलीं गेलीं होतीं. स्टीफन्स ह्यांच्या ओवीची गोडी कितीही मानिली, तरी ऐकणाऱ्याला नाहीं म्हणण्याची मोकळीक कितपत होती हा प्रश्न उरतोच. तलवारीच्या बाजूला उभा राहून गाइलेल्या गीतांत तलवारीचा आवाज थोडा तरी मिसळतो; गाणाऱ्याचा गळा कितीही शुद्ध असला तरी तें चुकत नाहीं.

पुढें त्याच सत्तेनें त्यांच्या कामावरही घाव घातला. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ख्रिस्तपुराण त्यापूर्वीं १६४९ आणि १६५४ ह्या सालीं पुन्हां छापलें गेलें होतें. पण ह्या तिन्ही आवृत्तींची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो श्रद्धाळू लोकांनीं हातानें केलेल्या नकलांमुळें. अशा नकलांवरून १९०७ सालीं मंगळुरास तो रोमन लिपींत पुन्हां छापला गेला. मराठी अक्षरांचे खिळे पाडून ग्रंथ छापावा अशी स्टीफन्स ह्यांची मूळची इच्छा होती. अक्षरांची संख्या मोठी म्हणून तें त्यांच्या हयातींत जमलें नाहीं. ती इच्छा पुरी झाली १९५६ सालीं, शांताराम बंडेलू ह्यांनीं देवनागरी आवृत्ति काढली तेव्हां. सत्तेचे हुकूम कागदावर राहिले. ओव्या घरोघर राहिल्या.

भाषेनंतर धीराचा गुण येतो. त्याचें उदाहरण म्हणून विल्यम केरी ह्यांचें नांव नेहमीं घेतलें जातें. इंग्लंडांत जोडे शिवण्याचें काम करीत स्वतःच्या उद्योगानें अनेक भाषा शिकलेला हा मनुष्य १७९३ सालीं बंगाल्यांत उतरला. पहिला बाप्तिस्मा त्याच्या हातून झाला तो १८०० सालच्या डिसेंबर महिन्यांत. सात वर्षांत एक कृष्ण पाल. तोही धंद्यानें सुतार, आणि मिशनच्या डॉक्टरानें त्याचा निखळलेला हात बसवून दिला तेव्हांपासून जवळ आलेला. ह्या सात वर्षांत केरी ह्यांनीं निळीच्या कारखान्यावर नोकरी केली, एक मुलगा गमावला, आणि पत्नीचें मन कायमचें बिघडलेलें पाहिलें. मराठी भाषेवरही त्यांचे उपकार आहेत. महाराष्ट्रांत पाऊल न टाकतां, नागपूरकडील वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण, १८१० सालीं कोश, आणि १८११ सालीं नव्या कराराचें भाषांतर श्रीरामपूरच्या छापखान्यांतून बाहेर काढलें. १८१२ च्या मार्च महिन्यांत तो छापखाना जळून हस्तलिखितांची राख झाली. त्यांनीं पुन्हां आरंभापासून काम सुरू केलें. त्यांचा धीर थोर होता ह्यांत शंका नाहीं. परंतु ह्या धीराची किंमत डॉरथी केरी ह्या बाईनें किती भरली, हें चरित्रकार दोन ओळींत उरकतात, तें बरोबर नाहीं. ज्याला हांक आली तो निघतो. त्याच्या घरांतल्यांना हांक आलेली नसते, तरी त्यांना निघावें लागतें.

वादविवादाची आवड हा मात्र गुण म्हणावा कीं दोष, ह्याचा निर्णय मुंबईच्या इतिहासानें बराच करून ठेविला आहे. डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले. त्यांची विद्वत्ता उघड होती. त्यांच्या नांवाचें कॉलेज आजही चौपाटीसमोर उभें आहे. १८३० आणि १८३१ ह्या सालीं त्यांनीं हिंदु शास्त्र्यांशीं जाहीर वाद केले. मोरभट दांडेकर ह्यांनीं हिंदुधर्मस्थापना हें पुस्तक लिहून उत्तर दिलें, विल्सन ह्यांनीं त्याला प्रत्युत्तर दिलें. १८३९ सालीं त्यांच्या शाळेंतील दोन पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां प्रकरण कोर्टापर्यंत गेलें, आणि पालकांनीं आपलीं मुलें शाळेंतून भराभर काढून घेतलीं. १८५७ सालीं विष्णुबोवा ब्रह्मचारी ह्यांनीं समुद्रकिनारीं पाद्र्यांशीं केलेला वाद ऐकावयास लोकांची गर्दी लोटे. ह्या वादांचा एक लाभ झाला. मराठी गद्याला धार आली, आणि आपल्या धर्माकडे डोळसपणें पाहण्याची सवय दोन्ही पक्षांना लागली. पण वादांत जिंकलेला प्रतिपक्षी घरीं जातांना आपली श्रद्धा अधिकच घट्ट धरून जातो, हा अनुभव त्या काळच्या मिशनऱ्यांनाही आला. मनुष्याचें तोंड बंद करणें आणि त्याचें मन उघडणें ह्या दोन निराळ्या कला आहेत. आगगाडींतील त्या प्रवाशाला दुसरी कला अवगत होती.

सेवेविषयीं थोडें अधिक बोललें पाहिजे, कारण सर्वांत अधिक गैरसमज आणि सर्वांत अधिक चांगुलपणा हीं दोन्ही येथेंच एकत्र सांपडतात. मिरजेस डॉ. विल्यम वानलेस ह्यांनीं १८९४ सालीं इस्पितळ सुरू केलें. तेथें लांबलांबून रोगी येत, आणि पुढें त्यांच्या नांवानें वानलेसवाडी हें गांवच ओळखलें जाऊं लागलें. ह्या कामाविषयीं कडवा विरोधकही वाईट बोलत नसे. परंतु १८९६-९७ च्या आणि त्यामागून १८९९-१९०० च्या दुष्काळांत अन्नछत्रें आणि अनाथालयें उघडून मिशनांनीं हजारों जीव वांचविले, तेव्हां पोटासाठीं बाटलेले हा शब्द गांवोगांव निघाला. भुकेल्याला भाकरी देणाऱ्याचा हेतु शुद्ध असला, तरी भाकरी घेणाऱ्याची मान आधींच वांकलेली असते. अशा वेळीं केलेला उपदेश ऐकणारा खरोखर मनानें ऐकतो कीं उपकाराच्या ओझ्यानें, हें उपदेशकाला स्वतःलाही सांगतां येत नाहीं. म्हणून भाकरी आणि बाप्तिस्मा ह्यांत अंतर ठेवण्याइतका संयम ज्याच्यापाशीं आहे, त्याचेंच काम निष्कलंक राहतें.

पंडिता रमाबाई ह्यांच्या शारदासदनाचें प्रकरण ह्याच जातीचें आहे. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं काढलेली ही संस्था पुढें पुण्यास गेली. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, पण संस्थेंत धर्माचें शिक्षण द्यावयाचें नाहीं असें ठरलें होतें, आणि त्या भरंवशावर न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर ह्यांच्यासारखे गृहस्थ सल्लागार झाले होते. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत तेव्हां दार उघडें असे. कांहीं मुली येऊन बसूं लागल्या. केसरीनें झोड उठविली. १८९३ सालीं सल्लागारांनीं संबंध सोडला आणि पालकांनीं अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंनीं कोणाला बळानें बोलाविलें नव्हतें, हें खरें. तसेंच, मुलगी विश्वासानें सोंपविणाऱ्या पालकाला वाटलेली फसवणूकही खोटी नव्हती. रमाबाईंचा मोठेपणा असा कीं, पुढें केडगांवास मुक्तिसदन उभारतांना त्यांनीं संस्थेच्या ख्रिस्ती स्वरूपाविषयीं आडपडदा ठेविला नाहीं. मध्यप्रांतांतील दुष्काळांतून त्यांनीं सुमारें तीनशें मुली आणिल्या, त्यांना हातांचीं कामें शिकविलीं, आणि स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठींत आणण्याचें काम १९२२ सालीं मृत्यु येईपर्यंत चालविलें. आपण कोण आहोंत आणि कशासाठीं आलों आहोंत हें पहिल्या दिवशींच सांगून टाकणें, हा गुण बाहेरून साधा दिसतो. पण त्याच्या अभावीं चांगल्या संस्थाही एका रात्रींत ओस पडलेल्या आहेत.

आतां पुन्हां टिळकांकडे वळलें पाहिजे. कारण ज्याला सुवार्ता मिळाली तोच पुढें सुवार्तिक झाला, आणि वर सांगितलेल्या सर्व गुणांची व दोषांची कसोटी त्याच्या एका आयुष्यांत लागली.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कामांत रुजू झाले. पत्नी लक्ष्मीबाई मागें राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, लहान मूल कडेवर, भोंवतालीं नातलगांची कींव आणि कुजबूज. तीं वर्षें त्यांनीं कशीं काढलीं हें त्यांच्या स्मृतिचित्रांत आलें आहे. १९३४ पासून प्रसिद्ध झालेलें तें पुस्तक मराठींतील उत्तम आत्मचरित्रांत गणलें जातें, आणि धर्मांतराची खरी किंमत कोणत्या घरांत कशी मोजली गेली हें समजून घ्यावयाचें असेल तर मिशनच्या अहवालांपेक्षां तेंच आधीं वाचावें. पुढें त्या टिळकांकडे राहावयास आल्या, त्या आपला धर्म घेऊनच. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरांत त्यांचें सोवळें निराळें, स्वयंपाक निराळा, पाणी निराळें. टिळकांचा स्वभाव तापट, हात सढळ, व्यवहार शून्य. घरांतले पैसे वाटेंत भेटलेल्या गरजूला देऊन रिकाम्या हातानें परतावें ही त्यांची नेहमींची तऱ्हा. पण पत्नीच्या सोवळ्याला त्यांनीं धक्का लाविला नाहीं. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, ह्या प्रश्नाशीं लक्ष्मीबाई आपल्या आपणच झुंजल्या, आणि उत्तर सांपडल्यावर कोणाच्याही हातचें खाईन असें त्यांनीं एके दिवशीं आपण होऊन ठरविलें. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. जगाला उपदेश करणाऱ्यानें स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारांत पांच वर्षें थांबून राहावें, ह्याहून मोठा संयम दाखवितां येणें कठीण. तापट मनुष्यानें तो दाखविला, म्हणून तर त्याचें मोल.

टिळकांना मराठी मंडळींत एक गोष्ट सलत होती. उपासना मराठींत होई, पण तिचा पेहराव विलायती होता. इंग्रजी चालींवर बसविलेलीं गीतें गातांना शब्दांची ओढाताण होई, आणि खेड्यांतल्या माणसाला तीं कानाला परकीं लागत. त्यांनीं अभंग लिहिले, भजनें लिहिलीं, टाळ आणि वीणा घेऊन ख्रिस्तकीर्तन उभें केलें. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. ह्या उद्गाराचा अर्थ नीट लक्षांत घेण्याजोगा आहे. नव्या घरांत आलेला मनुष्य बहुधा जुन्या घराची निंदा करून आपली निष्ठा सिद्ध करूं पाहतो. टिळकांनीं तें केलें नाहीं. ज्या वाटेनें आलों तिचें ऋण त्यांनीं उघडपणें मानिलें, आणि म्हणून त्या वाटेवर अजून चालणाऱ्यांना त्यांचें बोलणें टोंचलें नाहीं. केवढें हें क्रौर्य, वनवासी फूल ह्यांसारख्या त्यांच्या कविता सर्व धर्मांच्या मराठी माणसांनीं आपल्या मानिल्या, त्यालाही हेंच कारण असावें.

पगाराचा प्रश्न त्यांना अखेरपर्यंत बोचत राहिला. परदेशांतून आलेल्या पैशावर मिशन चालते, मिशनच्या पगारावर उपदेशक चालतो, आणि ऐकणारा मनांत हिशेब करतो कीं हा बोलतो तो अंतःकरणानें कीं नोकरीनें. ह्या प्रश्नाला मिशनमध्येंच राहून शांतपणें काम करणाऱ्या अनेक सज्जनांनीं आपआपल्या परीनें उत्तर दिलें आहे, आणि तें हलकें लेखण्याचें कारण नाहीं. प्रत्येकानें संन्यास घेतला तर शाळा आणि इस्पितळें कोणी चालवावींत? पण टिळकांच्या पिंडाला तडजोड मानवणारी नव्हती. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, भगवीं वस्त्रें घेतलीं, आणि साताऱ्यास देवाचा दरबार सुरू केला. ख्रिस्ताला गुरु मानणारा कोणीही, बाप्तिस्मा घेतलेला असो कीं नसो, त्या दरबारांत बसूं शके. मिशनमधील कांहीं जुन्या स्नेह्यांना हें पटलें नाहीं; मंडळीची कुंपणें अशानें मोडतील असें त्यांना वाटलें. त्यांची भीति निराधार नव्हती. परंतु ज्या देशांत कुंपणांचा अनुभव लोकांना पिढ्यानपिढ्या आहे, तेथें कुंपणाबाहेर बसून ऐकण्याची सोय करणारा मनुष्य लोकांचें मन ओळखून होता, हेंही तितकेंच खरें.

दरबार दोन वर्षेंही चालला नाहीं. ९ मे १९१९ रोजीं टिळकांनीं मुंबईंत देह ठेविला. त्यांनीं १९०९ सालीं ख्रिस्तायन नांवाचें ओवीबद्ध महाकाव्य लिहावयास घेतलें होतें. त्याचे दहाअकरा अध्याय होऊन तें तसेंच राहिलें होतें. साष्टींतल्या त्या अनामिक ब्राह्मणानें तीन शतकांपूर्वीं मागितलें होतें तेंच हें, ह्या वेळीं परक्यानें नव्हे तर घरच्यानेंच द्यावयास घेतलेलें. तें पुरें करण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें. लग्नानंतर नवऱ्यापाशीं धूळपाटी घेऊन अक्षरें गिरविलेली ही बाई. शाळेचें तोंड तिनें पाहिलें नव्हतें. पण लहानपणापासून ऐकलेल्या ओव्या आणि पोथ्या तिच्या कानांत होत्या. एकामागून एक साठांहून अधिक अध्याय तिनें लिहून काढले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं ती वारली, आणि संपूर्ण ख्रिस्तायन १९३८ सालीं छापून बाहेर आलें.